सवतीचा दांडा

संक्रांत सरली की नदीचं पाणी उतरायला लागतं आणि मला डिझेलचा वास येतो. आता घाटावर डिझेल नसतं, तरी येतो. भाकरी थापताना येतो, न्हाणीत पाणी तापवताना येतो. मग मी समजते, दांडा वर आला असणार. टेकाडाच्या कडेला जाऊन बघते तर खरंच पाण्याच्या मधोमध वाळूची लांब तपकिरी कड उघडी पडलेली असते आणि तिच्यावर पाणी फुटत असतं. ओल्या गोधडीवर धोपाटणं हाणावं तसं.

लग्नाआधी मी नदी अशी जवळून बघितलीच नव्हती. आमचं वडगाव यंत्रमागांचं. दिवस उजाडायचा तो खटाखटीत आणि मावळायचा तोही खटाखटीत. पाणी म्हणजे नळाला येतं तेवढं आणि सुताला खळ लावायला लागतं तेवढं. चौथी झाली आणि मी सुताच्या कांड्या भरायला बसले. तिथून निपाणीकडच्या ह्या गावात आले ती थेट नाव चालवणाऱ्या आंबी लोकांच्या घरात. घराच्या मागच्या दारातून चार पावलं उतरलं की नदी. पहिल्या पावसाळ्यात मी रोज भिंतीला हात लावून झोपायचे. भिंत थरथरायची. वडगावातही भिंती थरथरायच्या, पण ती थरथर माणसाच्या हातातली होती, कळ दाबली की थांबणारी. ही थांबत नव्हती.

दांड्याला आमच्या घाटावरच्या बायका सवत म्हणतात. नवरा तिच्याकडे गेला की परत येईलच असं नाही, म्हणून. पूर्वी इथं पूल नव्हता. तंबाखूची गोणपाटात बांधलेली बोदरी, बाजारची माणसं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं नावेतून पलीकडे जायचं. पुराच्या दिवसांत नाव आवरत नाही, तेव्हा गुऱ्हाळातली काहील काढायचे. उसाचा रस उकळायची ती लोखंडी परात, एका खोलीएवढी. तिच्यात माणसं दाटीवाटीनं बसायची आणि दोघं-तिघं पोहणारे ती कडेनं धरून ढकलत न्यायचे. पुरात दांडा पाण्याखाली असतो. दिसत नाही. पण गढूळ पाण्यात मधेच एक पट्टा उकळल्यासारखा नाचत असतो, तिथं तो असतो. त्या पट्ट्यावर काहील चढली की एका बाजूनं उचलली जाते आणि उलटते. माझे सासरे तसेच गेले. काहिलीतली सगळी माणसं कुणी केसाला धरून, कुणी धोतराला धरून बाहेर काढली. सासरे काही मिळाले नाहीत. पाणी उतरल्यावर काहील दांड्यावर पालथी मिळाली. तिच्याखाली नुसती वाळू होती.

मी हे बघितलं नाही. मी घरात यायच्या आधीचं आहे. पण आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दर वर्षी दांडा वर आला की मला घेऊन तिथं जायच्या आणि सांगायच्या, ते इतक्यांदा की मला वाटतं मी काठावर उभीच होते.

उन्हाळ्यात दांड्यावरून चालत पलीकडे जाता येतं, पण सगळीकडून नाही. काही ठिकाणी वाळू पोकळ असते. वरून कोरडी, खाली नुसतं पाणी. पाय पडला की गुडघा जातो, ओढलं की मांडी जाते. म्हणून आमच्या घाटावर एक रीत होती. ज्या घरचं माणूस जिथं गेलं, तिथं त्या घरच्या बाईनं दर वर्षी बांबूची काठी रोवायची आणि तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. आत्ती देवळाचा कळस आणि पलीकडच्या काठावरचा जुना आंबा एका रेषेत धरायच्या, डोळे बारीक करायच्या, दोन पावलं मागं, एक पाऊल डावीकडे, आणि काठी खुपसायच्या. "हितं हाय तुजा मामा," म्हणायच्या, म्हणजे माझे सासरे. मग काठीशी बसून पान खायच्या. मला म्हणायच्या, "बस की गं शालन. उभी काय ऱ्हायलीस पावण्यागत? तुजंबी सासरच हाय ह्ये."

काठ्या दिसल्या की लोक बाजूनं जायचे. ढोरंसुद्धा जायची. अख्ख्या दांड्यावर चिंध्या फडफडत असायच्या, हिरव्या, तांबड्या, विटक्या. त्यातली एखादी आमच्या वडगावच्या मागावरची असेल असं मला वाटायचं. सगळ्यांचा त्या चिंध्यांवर विश्वास होता. देवावर होता त्याहून जास्त.

तो उन्हाळा आला तो आवाज करत आला. वाळू ओढायची बोट आणली होती. पिंपांवर बांधलेलं इंजिन, त्याला अजगरासारखा पाइप. पाइप तळाला सोडायचे आणि इंजिन नदीच्या पोटातनं वाळू शोषायचं, पाण्यासकट, माशांसकट, शिंपल्यांसकट. दुसऱ्या टोकानं काळं पाणी ओकायचं. शिंपल्यांचा चुरा व्हायचा. कासवाची पाठ फुटून आलेली मी बघितली आहे. पाण्यावर तेलाचे रंग तरंगायचे, धुण्याला वास यायचा, भाताला वास यायचा. बोट पाण्यातलं उपसायची आणि ट्रॅक्टर दांड्यावर चढून वरचं भरायचे. त्यातला एक ट्रॅक्टर चालवायचा सिदू. माझा धाकटा दीर. आत्तींचा लाडका.

आत्तींना त्या उन्हाळ्यात एकच हवं होतं. दांडा जागेवर राहावा. दुसरं काही त्या बोलतच नव्हत्या. बाकी लोक म्हणत होते, दांडा गेला तर पुराचं पाणी सरळ गावावर येईल, दांडाच ते पलीकडे वळवतो. खरंच होतं ते. पण आत्तींचं ते नव्हतं. त्यांचा नवरा त्या वाळूत होता आणि त्यांचा मुलगा ती वाळू भरून नेत होता.

आमचे हे तक्रार द्यायला गेले. दांडा नदीच्या मध्यात, आणि नदीच्या ह्या काठाला कर्नाटक, त्या काठाला महाराष्ट्र. इकडचे म्हणाले, वाळू तिकडच्या हद्दीतली आहे. तिकडचे म्हणाले, ट्रॅक्टर तुमच्या गावचे आहेत. घाटावर कुणीतरी म्हणालं, "इतकी वरसं भांडतूया आमचं गाव तिकडं घ्या, तिकडं घ्या म्हणून. आता वाळूच चाललीया तिकडं, गाव ऱ्हायलं हितंच." लोक हसले. हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दांड्यावर जाऊन ट्रॅक्टरपुढं आडवे उभे राहिले.

मी आणि आत्ती घाटावर धुणं धूत होतो. सिदू ट्रॅक्टरवरून उतरला. आधी तो हसत होता. "अण्णा, सर बाजूला. मालक बघतूया." हे सरले नाहीत. सिदू म्हणाला, "नाव चालवून काय मिळालं रं तुला? पूल झाल्यापास्नं तुज्या नावंत बसतंय कोन? बेडकं?" ह्यांनी त्याच्या तोंडात मारली. मग मला नीट आठवत नाही, आवाज आठवतो. फावड्याचा दांडा माणसाच्या हाडावर बसतो तेव्हा तो लाकडासारखा वाजत नाही. ओल्या मडक्यासारखा वाजतो. एकदा, परत एकदा. हे खाली बसले आणि हात पोटाशी धरून वाळूत तोंड खुपसलं. सिदू फावडं धरून उभाच होता, जणू फावडंच त्याला धरून होतं. मी हातातलं धुणं सोडलं. माझ्या लग्नातलं लुगडं होतं. वाहत गेलं ते सरळ त्या पाइपाच्या तोंडात ओढलं गेलं आणि इंजिन घुसमटून बंद पडलं. सगळी नदी एकदम गप्प झाली. त्या गप्पपणात आत्तींची शिवी घुमली. आईनं पोटच्या पोराला देऊ नये अशी शिवी.

ह्यांचा हात नंतर जुळला, पण वाकडा. वल्हं धरवत नाही. घास उचलता येतो.

मी वडगावात भांडणं बघितली होती. नळावर, मजुरीवरून, दारू पिऊन. पण ती घरातल्या घरात विझायची. ह्या भांडणाला विझायला जागाच नव्हती. एकाच घरात एका चुलीवर दोघांची भाकरी. सिदू परसात येऊन जेवायचा, ताटाकडे बघत. हे सोप्यात डाव्या हातानं जेवायचे. आत्ती मधल्या दारात बसायच्या, दोघांनाही पाठ करून. मी वाढायची. माझ्या हातातल्या पळीचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. आणि सकाळ झाली की परत ट्रॅक्टर.

मग ती दुपार. ऊन असं होतं की दांडा तव्यासारखा पांढरा पडला होता. चिंध्या हलत नव्हत्या. सिदूनं ट्रॅक्टर दांड्याच्या शेंड्याकडे घातला, जिथं एकही काठी नव्हती. बाहेरगावचा ड्रायव्हर असता तर पहार मारून बघत गेला असता. सिदू आंबी घरचा पोरगा. त्यानं काठ्या बघितल्या, काठ्या नव्हत्या, त्यानं डोळे झाकून चाक घातलं. पण बोटीनं तळातून इतकी वाळू ओढली होती की पोकळ वाळू तिच्या जुन्या जागा सोडून कुठल्या कुठं सरकली होती. काठ्या मेलेल्यांच्या जागी उभ्या होत्या. मरणाची जागा पुढं गेली होती. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आत्तींच्यासुद्धा नाही.

ट्रॅक्टर नाकावर झुकला आणि गेला. गुरगुरत, बुडबुडे काढत गेला. सिदूनं उडी मारली ती छातीपर्यंत वाळूत. त्याचे दोन्ही हात वर होते. ट्रॉलीवरची माणसं मागच्या मागं पळाली. बोटीवाल्यांनी बोट दुसऱ्या काठाला घेतली. ओरडण्यानं घाटावरच्या बायका धावल्या. आणि वरच्या धरणातनं दुपारी शेतीचं पाणी सोडतात, ते येण्याची वेळ झालेली. पाणी येताना आधी दिसत नाही, बगळे उठतात. बगळे उठले.

आम्ही गुऱ्हाळातली काहील कडेवर उभी करून चाकासारखी लोळवत आणली. पोकळ वाळूवर काहील पालथी न टाकता सरळ टाकली की ती बुडत नाही, पाण्यावर राहते तशी वाळूवर राहते. आत बसायला हलकं माणूस लागतं. बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी आत बसले. दोराचं एक टोक घट्ट वाळूवरच्या बायकांकडे होतं, दुसरं आत्तींच्या हातात.

काहील सिदूपासून एका हातावर आली आणि आत्तींनी मागून कड धरून ती थांबवली.

"म्हण," त्या सिदूला म्हणाल्या. "ट्रॅक्टर दांड्यावर आननार न्हाय म्हण."

"आय, दोर टाक अगुदर."

"बापाच्या छातीवर चाक घालतूयास. म्हण अगुदर."

पाणी दांड्याच्या कडेनं चढायला लागलं होतं. सिदूच्या गळ्याभोवतीची वाळू काळी झाली. तो हसला. अशा वेळी माणूस हसतो हे मला माहीत नव्हतं. "बापानं काय ठेवलं मला? वाळूच ठेवली न्हवं? त्येच घेतूया. म्हनत न्हाय जा."

"मग ऱ्हा तितंच. बापाजवळ."

बायका ओरडल्या. "अवो आत्याबाई, पोरगा हाय तुमचा!" आत्तींनी कड सोडली नाही. पाणी सिदूच्या हनुवटीला लागलं. त्यानं मान वर केली. आता तो हसत नव्हता, त्याचे डोळे गायीसारखे पांढरे झाले होते, आणि तरी तो म्हणत नव्हता. मी त्या दोघांकडे बघत होते. तेच कपाळ, तीच जिवणी. कुणी हटणार नव्हतं. मी मागं वळले आणि आत्तींच्या हातातून दोर ओढला. त्यांनी येताना उपसून आणलेली, पायाजवळ पडलेली काठी उचलून माझ्या पाठीत घातली. परत घातली. मी दोर सिदूच्या काखेतून घातला, एका हातानं त्याचे केस धरून तोंड पाण्याबाहेर ठेवलं आणि बायकांना म्हणाले, "ओढा." माझा आवाज मला ओळखू आला नाही. ओढताना वाळू माणसाला सोडते तेव्हा शोक केल्यासारखा लांब आवाज निघतो. काहिलीत येऊन पडल्यावर सिदूनं वाळू ओकली आणि पहिला शब्द काढला तो असा, "ट्रॅक्टर निघंल का?"

एक बाई म्हणाली, "मुडदा बशिवला तुजा! परत घाला गं ह्येला तितं!" आणि सगळ्या हसायला लागल्या, रडत हसायला लागल्या. माझ्या पाठीत आग होत होती. मीही हसले.

त्या आठवड्यात आत्ती माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी तेल घेऊन आल्या, माझी पाठ उघडी करून चोळली. चोळता चोळता म्हणाल्या, "माजं पोरगं आनलास, बरं केलास. पन माजा नवरा घालवलास." हात थांबला नाही. तसाच फिरत राहिला.

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. सिदू बरा झाला आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसला. उन्हाळा संपेपर्यंत दांडा संपला. काठ्या उपटून वाळूवाल्यांनी भाकरी भाजायला जाळल्या. मी कधी कधी विचार करते, की तो वाचला म्हणून वाळू गेली का? बुडला असता तर राहिली असती का? दुसरा कुणी आला असता. तरी आत्तींनी जे वजन करून बघितलं ते मी कधीच करू शकले नसते. एका पारड्यात जिता मुलगा आणि दुसऱ्यात मेलेला नवरा. आणि त्यांचा हात मेलेल्याकडे झुकला. ह्याला मी वाईट म्हणू शकत नाही. पाठीवर वळ घेऊनसुद्धा म्हणू शकत नाही.

त्या पावसाळ्यात नदीला अडवायला मधे कुणी नव्हतं. आधी पाणी दांड्यावर आपटून पलीकडे जायचं, ते आता सरळ आमच्या आळीवर आलं. रात्रीचं नाही, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. काठ आधी खालून खाल्ला, मग वरचा तुकडा घराच्या परड्यासकट हळूच बसला, शेवग्याचं झाड उभंच्या उभं गेलं. आमच्या मागच्या भिंतीत एक चीर पडली, तिच्यातून नदी दिसली, आणि मग भिंत नव्हतीच. चूल, पाटा, ह्यांचं वल्हं. पाण्यात पडलेली म्हैस ओरडत गेली ती वळणापर्यंत ऐकू येत होती. सिदू कमरेएवढ्या पाण्यात शिरून आत्तींना खांद्यावर घेऊन निघाला. त्या त्याच्या पाठीवर मुठी मारत होत्या.

नंतर टेकाडावर नवी घरं झाली. आमच्या घराच्या गिलाव्याची वाळू सिदूनंच आणून टाकली. कुठली ते आम्ही विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. घर झालं तेव्हा आत्ती आत आल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हात फिरवला. खरखरीत होती. बोटाला शिंपल्याचा एक बारीक तुकडा लागला. त्यानंतर मरेपर्यंत त्या त्याच भिंतीला टेकून बसायच्या, तिथंच पान खायच्या. गिलाव्याला रंग द्यायचा विषय निघाला की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे तसाच." आम्ही अजून दिलेला नाही.

नदी वाळू परत देते. पटकन देत नाही. बरेच पावसाळे गेले, वरून गाळ आला, आणि दांडा परत वर यायला लागला. जुन्या जागेच्या थोडा खाली, बारीक, एखाद्या पोरीच्या वेणीसारखा. त्याच्यात आमचं कोणी नाही. त्या वाळूला कुणाचं नाव नाही. मी आता कळस आणि आंबा जुळवत नाही. आम्ही बायका पहार घेऊन जातो, हातभर अंतरानं मारत जातो, पहार आपोआप खाली गेली की तिथं काठी रोवतो. दर वर्षी नव्या जागी. चिंधी कुणाचीही चालते. मागच्या पुरात पाणी परत त्याच्यावर आपटलं आणि वळलं. पूर्ण नाही. थोडं. आळीतल्या राहिलेल्या घरांच्या उंबऱ्याला येऊन थांबलं.

ह्या वर्षी दांडा चांगला लांब निघाला आणि सिदू घरी आला. केस पिकलेत त्याचे. चहा घेतला. म्हणाला, "वैनी, तुमाला म्हायताय मी का आलोय."

मी म्हणाले, "व्हय."

"आयचं समजू शकतो. तिचं मानूस हुतं त्येच्यात. तुमचं कोन हाय आता त्या वाळूत?"

मी त्याची कपबशी उचलली.  तो गेल्यावर मी आळीत फिरले. नदीवर उतरणाऱ्या गाडीवाटेवर आम्ही आडवी चर खणायला घेतली, ट्रॅक्टर उतरू नये अशी. ह्यांनी वाकड्या हातानं मातीच्या पाट्या उचलायला सुरुवात केली, मी नको म्हणाले तरी.

काल सकाळी चर कमरेएवढी झाली होती. वरून ट्रॅक्टर आला. डिझेलचा वास ह्या खेपेला खरा होता. सिदू स्टिअरिंगवर होता, मागं ट्रॉलीत माणसं. पुढचं चाक चरीच्या अगदी काठावर येऊन थांबलं आणि काठाची माती ढासळून माझ्या डोक्यावर, खांद्यावर पडली. बायका ओरडत बाहेर चढल्या. मी तिथंच राहिले. वर बघितलं तर चाक, आणि चाकाच्या वर त्याचं तोंड. आत्तींचं कपाळ, आत्तींची जिवणी.

"वैनी, व्हा भाईर."

इंजिन बंद केलं नव्हतं त्यानं. गियरवरचा हातही काढला नव्हता. मी डोक्यावरची माती झाडली, खाली वाकले आणि पुढची पाटी भरली.